चित्रांचा लिलाव आणि मूल्याचा प्रश्न : ‘मास्टरपीस’ व ‘मॉडर्न आर्ट’ या दोन कौटुंबिक खेळांची समीक्षा

प्रास्ताविक

सापशिडी, सारीपाट आणि ‘व्यापार’ हे बैठे खेळ मराठी मध्यमवर्गीय घराला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. त्यांपैकी ‘व्यापार’ या खेळात शहरांची खरेदी होते, भाडे वसूल केले जाते आणि अखेरीस ज्याच्याजवळ अधिक संपत्ती तो विजयी ठरतो. या खेळाचे एक वैशिष्ट्य सहसा लक्षात घेतले जात नाही. त्यात प्रत्येक वस्तूची किंमत पत्त्यावर आधीच छापलेली असते. किंमत कोणी ठरवली आणि ती तेवढीच का, हे प्रश्न खेळाडूला पडत नाहीत, कारण खेळाची रचनाच ते पडू देत नाही. खेळाडूने फक्त घ्यायचे की नाही, एवढेच ठरवायचे असते.

लिलावावर आधारलेल्या खेळांत मात्र नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी येतो, आणि लिलावाची वस्तू जर चित्र असेल तर तो अधिकच तीव्र होतो. धान्य पोट भरते, जमीन पीक देते. चित्राचा असा कोणताही मोजता येण्याजोगा उपयोग नाही. मग त्याची किंमत कशावरून ठरते? या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे दोन कौटुंबिक खेळांनी दिली आहेत. पार्कर ब्रदर्स या अमेरिकन कंपनीने १९७० साली बाजारात आणलेला ‘मास्टरपीस’ हा पहिला खेळ, आणि जर्मन खेळरचनाकार रायनर क्नित्सिया यांचा १९९२ साली प्रसिद्ध झालेला ‘मॉडर्न आर्ट’ हा दुसरा. या दोन खेळांच्या नियमांत कलामूल्याविषयी कोणती भूमिका गृहीत धरलेली आहे, ती कितपत टिकते आणि दोहोंत कशाला जागा मिळालेली नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. खेळाचे नियम हेही एक प्रकारचे विधान असते आणि म्हणून ते समीक्षेस पात्र ठरते, अशी या विवेचनामागील धारणा आहे.

‘मास्टरपीस’ : पाठीमागे दडलेली किंमत

‘मास्टरपीस’च्या मूळ आवृत्तीत शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयातील २४ चित्रांच्या छोट्या प्रतिकृती दिलेल्या आहेत. फासा टाकून सोंगटी पटावर फिरवायची आणि ती ज्या घरात थांबेल तेथील सूचनेनुसार वागायचे, अशी खेळाची साधी चाल आहे. एखाद्या घरात पेढीकडील चित्राचा लिलाव होतो, एखाद्या घरात खेळाडूला आपल्याजवळचे चित्र इतर खेळाडूंपुढे लिलावात मांडावे लागते, तर एखाद्या घरात वारसाहक्काने चित्र फुकट पदरात पडते. पेढीकडील सर्व चित्रे संपली की खेळ संपतो. त्यानंतर प्रत्येकजण आपल्या चित्रांची मूल्ये उघड करतो. ती मूल्ये व हातातील रोकड यांची बेरीज करून विजेता ठरतो.

या खेळाचे मर्म मूल्यपत्रिकेत आहे. पेढीच्या लिलावात चित्र विकले गेले की पालथ्या गठ्ठ्यातील वरची मूल्यपत्रिका त्या चित्राच्या पाठीमागे चिमट्याने अडकवली जाते. तिच्यावरील आकडा केवळ मालकाला पाहता येतो. तो आकडा दहा लाख डॉलरपर्यंत असू शकतो आणि शून्यही असू शकतो, म्हणजे चित्र बनावट निघू शकते. परिणामी दोन भिन्न प्रकारचे लिलाव निर्माण होतात. पेढीच्या लिलावात सर्वच बोलीदार सारख्याच अंधारात असतात. चित्राचे मूल्य अद्याप कोणालाच ठाऊक नसते, त्यामुळे ती बोली वस्तुतः सोडतीवर लावलेली असते. खेळाडूंमधील खाजगी लिलावात मात्र विक्रेत्याला सत्य ठाऊक असते आणि ग्राहकाला नसते. बनावट चित्र गळ्यात पडलेला खेळाडू चेहऱ्यावरील रेषही न हलवता त्या चित्राची भलावण करतो. उलट खरोखरच मौल्यवान चित्राचा मालक त्याची स्तुती करू लागला, तर इतरांना त्याच्याविषयी संशय येतो.

याच वर्षी, म्हणजे १९७० साली, अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांचा वापरलेल्या मोटारींच्या बाजारावरील निबंध प्रसिद्ध झाला, हा योगायोग उल्लेखनीय आहे. विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक असेल आणि ग्राहकाला तो नसेल, तर ग्राहक सरासरी दर्जा गृहीत धरूनच किंमत देऊ करतो. त्या किमतीला चांगल्या वस्तूचा मालक विकावयास तयार होत नाही, आणि बाजारात हळूहळू निकृष्ट मालच उरतो, असे त्या निबंधाचे थोडक्यात प्रतिपादन आहे. या विषयावरील कार्यासाठी अकेरलॉफ यांना २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ‘मास्टरपीस’मध्ये हाच बाजार लहान मुलांना समजेल अशा रूपात अवतरतो. मौल्यवान चित्राचा मालक ते शक्यतो विकत नाही आणि स्वखुशीने विक्रीस आणलेल्या चित्राकडे इतर खेळाडू साशंकतेने पाहतात. फाशाची सक्ती नसती, तर खेळातील खाजगी बाजार लवकरच ठप्प झाला असता. फासा हा येथे नशिबाचा घटक तर आहेच, पण बाजार चालू ठेवणारी यंत्रणा म्हणूनही तो काम करतो.

असे असले तरी या खेळातील मूल्यविचार दोन ठिकाणी अपुरा पडतो. पहिली बाब अशी की, चित्र व मूल्य यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही. तेच चित्र आजच्या डावात लाखमोलाचे आणि उद्याच्या डावात बनावट ठरू शकते. चित्राकडे कितीही बारकाईने पाहिले तरी त्याच्या मूल्याविषयी काहीही कळत नाही. वास्तविक बनावटपणाची शंका ही कलेच्या इतिहासात पाहण्याच्या कृतीशी निगडित आहे. रंगाचे थर, कापडाचे वय, कुंचल्याचा फटकारा आणि मालकीची परंपरा यांच्या अभ्यासातूनच बनावट चित्र उघडे पडते. या खेळात त्या अभ्यासाची जागा पत्रिकेने घेतली आहे.

दुसरी बाब अधिक मूलभूत आहे. सत्य कोणालातरी निश्चितपणे ठाऊक असते, असे हा खेळ गृहीत धरतो. प्रत्यक्षात तसे असतेच असे नाही. न्यूयॉर्कमधील नोडलर हे १८४६ पासूनचे प्रतिष्ठित कलादालन २०११ साली बंद झाले. मार्क रॉथ्को, जॅक्सन पोलॉक आदी चित्रकारांच्या नावावर तेथून विकली गेलेली अनेक चित्रे बनावट असल्याचे उघडकीस आले. त्यांपैकी रॉथ्को यांच्या नावाचे एक चित्र २००४ साली ८३ लाख डॉलरला विकले गेले होते. त्याविषयीचा दावा २०१६ मध्ये न्यायालयात सुनावणी चालू असतानाच तडजोडीने मिटला. ही चित्रे वर्षानुवर्षे जाणकारांच्या घरांतील भिंतींवर मानाने टांगलेली होती. ‘मास्टरपीस’मधील मालक चित्र उलटून पाहू शकतो. प्रत्यक्षातील चित्राच्या मागे अशी पत्रिका नसते.

‘मॉडर्न आर्ट’ : बोलीतून घडणारी किंमत

‘मॉडर्न आर्ट’ने नेमकी ही पत्रिकाच काढून टाकली. गणितात डॉक्टरेट मिळवलेल्या क्नित्सिया यांच्या या खेळाला १९९३ साली ‘डॉइचर श्पीले प्राइस’ हा जर्मनीतील प्रतिष्ठेचा खेळ-पुरस्कार प्राप्त झाला. तीन ते पाच खेळाडूंच्या या खेळात फासा नाही. पाच काल्पनिक चित्रकारांचे ७० पत्ते आहेत : लाइट मेटल यांचे १२, योको यांचे १३, क्रिस्टिन पी. यांचे १४, कार्ल गिटर यांचे १५ आणि क्रिप्टो यांचे १६. प्रत्येक खेळाडूजवळ आरंभी एक लाखाची रक्कम असते. खेळ चार फेऱ्यांचा आहे. आपल्या पाळीला खेळाडू हातातील एक चित्र लिलावास काढतो. दुसऱ्याने ते घेतल्यास रक्कम लिलाव करणाऱ्याला मिळते. लिलाव करणाऱ्याने स्वतःच ते घेतल्यास रक्कम पेढीत जमा होते.

एखाद्या चित्रकाराचे पाचवे चित्र मांडले जाताच फेरी संपते आणि त्या पाचव्या चित्राचा लिलाव होत नाही. त्यानंतर कोणाची किती चित्रे मांडली गेली याची मोजदाद होते. सर्वाधिक चित्रे असलेल्या चित्रकाराच्या प्रत्येक चित्राला ३० हजार, दुसऱ्याच्या चित्राला २० हजार आणि तिसऱ्याच्या चित्राला १० हजार असा भाव मिळतो. उरलेल्या दोघांच्या चित्रांना काहीही मिळत नाही. पूर्वीच्या फेऱ्यांत मिळवलेला भाव पुढील फेरीतील भावात मिळवला जातो, परंतु त्या फेरीत तो चित्रकार पहिल्या तिघांत असेल तरच. उदाहरणार्थ, क्रिप्टो पहिल्या फेरीत पहिले आणि दुसऱ्या फेरीत तिसरे आले, तर दुसऱ्या फेरीअखेर त्यांच्या प्रत्येक चित्राला ४० हजार मिळतात. तिसऱ्या फेरीत ते मागे पडले, तर त्या फेरीत घेतलेली त्यांची चित्रे कवडीमोल ठरतात. चौथ्या फेरीत ते पुन्हा पहिले आले, तर जुना भाव जागा होतो आणि प्रत्येक चित्र ७० हजारांना जाते.

येथे चित्राच्या पाठीमागे काहीही लिहिलेले नाही. खेळाडूंनी एखाद्या चित्रकाराला बाजारात आणले म्हणून तो मोठा ठरतो, आणि तो मोठा ठरेल असे वाटते म्हणून त्याची चित्रे बाजारात येतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९३६ साली शेअरबाजाराची तुलना वृत्तपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. त्या स्पर्धेत वाचकाला स्वतःला सुंदर वाटणारा चेहरा निवडून भागत नाही. इतर वाचक कोणता चेहरा निवडतील याचा त्याला अंदाज करावा लागतो, आणि ते इतर वाचकही तोच अंदाज करीत असतात. ‘मॉडर्न आर्ट’मधील बोलीदाराची अवस्था यापेक्षा वेगळी नाही. ‘हे चित्र चांगले आहे काय?’ हा प्रश्न खेळात कधीच उपस्थित होत नाही. ‘इतरांच्या हातात याच चित्रकाराचे किती पत्ते असतील आणि ते मांडण्यात त्यांचे हित आहे काय?’ एवढाच प्रश्न उरतो.

लिलावाच्या पद्धती आणि विक्रेत्याचा फायदा

या खेळाचे शैक्षणिक मूल्य त्यातील लिलावपद्धतींच्या वैविध्यात आहे. प्रत्येक पत्त्यावर लिलावाचा प्रकार चिन्हाने दर्शवलेला असतो. खुल्या लिलावात कोणीही केव्हाही बोली वाढवू शकतो आणि ‘एक वार, दोन वार, तीन वार’ होईपर्यंत चढाओढ चालते. एकफेरी लिलावात प्रत्येकाला एकदाच बोलण्याची संधी मिळते आणि अखेरचा शब्द लिलाव करणाऱ्याचा असतो. गुप्त बोलीत सर्वजण मुठीत रक्कम धरून एकाच वेळी मुठी उघडतात. निश्चित किमतीच्या प्रकारात विक्रेता भाव सांगतो आणि पाळीप्रमाणे जो प्रथम होकार देईल त्याला चित्र मिळते. दुहेरी लिलावात एकाच चित्रकाराची दोन चित्रे एकत्र विकली जातात. विल्यम विक्री यांनी १९६१ साली लिलावपद्धतींची जी सैद्धांतिक तुलना केली आणि पॉल मिलग्रॉम व रॉबर्ट विल्सन यांना ज्या क्षेत्रातील कार्यासाठी २०२० सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, त्या क्षेत्राची तोंडओळख हा खेळ तासाभरात करून देतो.

यातून एक अनपेक्षित निष्कर्ष हाती येतो. चार खेळाडूंच्या डावात एखादे चित्र फेरीअखेर ३० हजारांचे ठरणार आहे, असे समजू. ते २५ हजारांना घेणारा खेळाडू ५ हजार कमावतो, परंतु विक्रेत्याच्या खिशात २५ हजार जातात. १५ हजारांना घेतल्यास दोघांना समान लाभ होतो आणि उरलेले दोघे मागे राहतात. म्हणजे बोली जिंकणारा आणि खेळ जिंकणारा यांत फरक आहे. चढाओढीच्या भरात चित्र मिळवल्याचा आनंद खरेदीदाराला होतो, पण नफा विक्रेत्याचा झालेला असतो. त्यातच ज्या वस्तूची अखेरची किंमत कोणालाच निश्चित माहीत नाही, तिच्या लिलावात सर्वांत आशावादी अंदाज करणाराच जिंकतो आणि म्हणून बहुधा जास्त पैसे मोजतो. १९७१ साली अमेरिकेतील तेलक्षेत्रांच्या लिलावांसंदर्भात तीन अभियंत्यांनी हे निरीक्षण मांडले आणि पुढे ते ‘विजेत्याचा शाप’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नवखा खेळाडू पहिल्या डावात हमखास अधिक खरेदी करून हरतो, याचे कारण यात सापडते.

दुर्मीळता आणि प्रसिद्धी : गायतोंडे यांचे उदाहरण

‘मॉडर्न आर्ट’चा नियम एका बाबतीत मात्र शंकास्पद वाटतो. ज्याची चित्रे अधिक संख्येने बाजारात येतील त्याचा भाव अधिक, असे तो सांगतो. सर्वसाधारण समज याच्या उलट आहे. दुर्मीळ वस्तू महाग असते, हे शालेय अर्थशास्त्रापासून शिकवले जाते. खेळाने दुर्मीळतेची दखल केवळ एका उपनियमात घेतली आहे. दोन चित्रकारांची चित्रे समसमान झाल्यास ज्याचे पत्ते मुळात कमी आहेत, त्याला वरचे स्थान मिळते.

या संदर्भात भारतीय कलाबाजारातील वासुदेव गायतोंडे यांचे उदाहरण उद्बोधक ठरते. १९२४ साली नागपूर येथे जन्मलेले आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेले गायतोंडे अत्यंत संथ गतीने काम करीत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करण्याबद्दल ते ओळखले जात. २००१ साली त्यांचे निधन झाले. डिसेंबर २०१३ मध्ये क्रिस्टीज या संस्थेने मुंबईत भरवलेल्या पहिल्या लिलावात त्यांचे एक चित्र २३.७ कोटी रुपयांना विकले गेले. २०१५ साली तेथेच दुसऱ्या चित्राला २९.३ कोटी रुपये मिळाले. दोन लिलावांच्या दरम्यान न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन झाले होते. चित्रांची संख्या थोडी असूनही भाव चढला, हे खेळाच्या नियमाविरुद्ध जाते. परंतु लिलाव, प्रदर्शने आणि चर्चा यांतून नाव वारंवार लोकांसमोर येत राहिले, ही बाब खेळाच्या नियमाला पुष्टी देणारी आहे. तात्पर्य, पत्त्यांची संख्या म्हणजे निर्मितीची संख्या असे न मानता ती प्रसिद्धीची मात्रा मानली, तर क्नित्सिया यांचा नियम बऱ्याच अंशी समर्थनीय ठरतो. निर्मिती दुर्मीळ आणि नाव मात्र सर्वत्र, या दोहोंचा संयोग प्रत्यक्ष बाजारात सर्वाधिक भाव मिळवतो. तो संयोग दाखवण्याची सोय या खेळात नाही, ही त्याची मर्यादा होय.

अनुपस्थित चित्रकार

दोन्ही खेळांतील सर्वांत लक्षणीय उणीव अशी की, त्यांत कोणीही चित्रकार होत नाही. ‘मास्टरपीस’मध्ये खेळाडू श्रीमंत संग्राहक असतात, तर ‘मॉडर्न आर्ट’मध्ये ते कलाव्यवहार करणारे विक्रेते व खरेदीदार असतात. एका डावात लक्षावधींची उलाढाल होते, पण तीतील एक पैही चित्रकाराला मिळत नाही. नियमावलीत तशी तरतूदच नाही.

ही केवळ खेळाची सोय आहे, असे म्हणता येईल. तथापि बाजाराचे वास्तवही बहुतांशी असेच आहे. गायतोंडे यांच्या चित्रांना कोटींचा भाव आला तेव्हा ते हयात नव्हते. भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ च्या दुरुस्तीने कलम ५३-अ समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार मूळ चित्राची पुनर्विक्री दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला झाल्यास चित्रकाराला अथवा त्याच्या वारसांना त्या किमतीत हिस्सा मागण्याचा हक्क आहे आणि हा हिस्सा दहा टक्क्यांपेक्षा अधिक असू शकत नाही. कायद्याने चित्रकाराला पटाभोवती जी जागा देऊ केली, ती या खेळांनी दिलेली नाही. वर्गात हा खेळ खेळवणाऱ्या अध्यापकाने प्रत्येक विक्रीतून दहा टक्के रक्कम बाजूला काढण्याचा नियम जोडून पाहावा. बोलीचे आकडे, विक्रेत्याचा नफा आणि खेळाडूंची नाराजी यांत जो फरक पडेल, तो पुनर्विक्री-हक्काविषयीच्या चर्चेचा उत्तम आरंभबिंदू ठरेल.

पाहणे आणि विकणे

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. कलाकृतीला पैशात मोजण्यास शिकवणारे हे खेळ मुलांच्या रसिकतेला मारक ठरतात, असा तो आक्षेप होय. तो सर्वस्वी निराधार नाही. ‘मॉडर्न आर्ट’च्या सराईत खेळाडूला पत्त्यावरील चित्र दिसेनासे होते. त्याला फक्त चित्रकाराच्या नावाचा रंग आणि लिलावाचे चिन्ह दिसते. २०१७ च्या आवृत्तीत काल्पनिक नावांऐवजी खऱ्या समकालीन चित्रकारांची चित्रे देण्यात आली, तरीही खेळाच्या गतीत त्यांच्याकडे पाहण्यास सवड मिळत नाही. परंतु हा दोष खेळाने लपवलेला नाही. न पाहता विकत घेणाऱ्या बाजाराचे ते उपरोधपूर्ण चित्रण आहे आणि चार फेऱ्यांनंतर कोणाच्याही हाती एकही चित्र उरत नाही, या नियमातून तो उपरोध पुरेसा स्पष्ट होतो. प्रत्येक फेरीअखेर सर्व चित्रे पेढीला विकावीच लागतात. संग्रह करण्यास येथे मुभाच नाही.

‘मास्टरपीस’ची गोष्ट उलट आहे. त्याचा मूल्यविचार भाबडा आहे, पण त्यातील प्रतिकृती खऱ्या चित्रांच्या आहेत आणि त्या डाव संपेपर्यंत खेळाडूसमोर मांडलेल्या राहतात. आपल्या पाळीची वाट पाहताना मुलाला चित्राकडे पाहण्यावाचून दुसरे काम नसते. खेळातील आकडे विसरले जातात, चित्रे मात्र स्मरणात राहू शकतात. त्यातही एक विसंगती आहे. संग्रहालयात दाखल झालेले चित्र सहसा पुन्हा बाजारात येत नाही. विक्रीपलीकडे गेलेली हीच चित्रे या खेळाने पुन्हा लिलावात उभी केली. आणि तरीही विक्रीच्या निमित्ताने का होईना, ती घरात आणली, हे श्रेय त्याला द्यावे लागते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

१. ‘मास्टरपीस’मध्ये मूल्य ही वस्तूत दडलेली, पूर्वनिश्चित व गुप्त बाब आहे. ‘मॉडर्न आर्ट’मध्ये ती सहभागी व्यक्तींच्या परस्परांविषयीच्या अंदाजांतून निर्माण होणारी बाब आहे. कलाबाजाराचे स्पष्टीकरण म्हणून दुसरी भूमिका अधिक ग्राह्य ठरते.

२. माहितीच्या विषमतेचा परिणाम समजावून देण्यास पहिला खेळ, तर लिलावपद्धतींची तुलना व ‘विजेत्याचा शाप’ समजावून देण्यास दुसरा खेळ अधिक उपयुक्त आहे. अर्थशास्त्र, वाणिज्य आणि कला या शाखांच्या अध्यापकांना दोहोंचा एकत्रित उपयोग करता येईल.

३. बनावट चित्राचा शोध, दुर्मीळता व प्रसिद्धी यांचा संयोग आणि चित्रकाराचा वाटा या तीन बाबींना दोन्ही खेळांत पुरेसे स्थान नाही. खेळानंतरच्या चर्चेत त्या अध्यापकाने आणावयाच्या आहेत.

४. खेळ म्हणून ‘मॉडर्न आर्ट’ निःसंशय सरस आहे. परंतु चित्र पाहण्याची संधी ‘मास्टरपीस’ने अधिक दिली. बाजाराची रीत कळणे आणि चित्राकडे पाहता येणे या दोन भिन्न क्षमता आहेत. पहिली तासाभराच्या खेळातून बऱ्यापैकी साध्य होते. दुसरीसाठी बोली थांबवून चित्रापुढे बसावे लागते, आणि ती जबाबदारी कोणत्याही खेळाच्या नियमावलीवर सोपवता येणार नाही.